पुन्हा दाबा

दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात ताईची बावीस वर्षं गेली, आणि दर वर्षी तिला माणसांचा अधिकच वीट येत गेला. "हिच्या नाकावर कायम राग," सासूबाई म्हणायच्या. असणारच! घाण करणारा पगारवाढ घेऊन दुसरीकडे जातो आणि निस्तरायला ही.

त्या दिवशी ती रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये गेली. प्रोग्रॅम तिच्याच कंपनीनं विकलेला. पेशंटचं नाव टाकलं की जुने रिपोर्ट उघडायला चाळीस-चाळीस सेकंद! काउंटर दोन. एकावर नवी मुलगी, दुसऱ्यावर काका, आणि काकांचीच रांग दारापर्यंत. लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी ठरवूनच टाकलं होतं, काकांचा हात चालत नाही, शनिवारपर्यंत सुधारले नाहीत तर त्यांना घरी बसवायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घरी बायको अंथरुणाला खिळलेली.

ताई त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली. काकांनी नाव टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. पाचव्यांदा तिनं त्यांचा हात धरला.

"काका, हे काय चालवलंय?"

त्यांनी मॉनिटरवर चिकटवलेला कागद दाखवला. 'माहिती न आल्यास पुन्हा दाबा.' खाली तिच्या कंपनीचा शिक्का. शेजारच्या मुलीनं तो कागद कधी वाचलाच नव्हता. ती एकदा दाबून मोबाईल बघत बसे, म्हणून तिचं काम पुढे!

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रत्येक दाबण्याला सर्व्हरकडे नवी मागणी जात होती आणि जुनी रद्दच होत नव्हती, म्हणजे काका जितकं दाबणार तितकं त्यांचं काम तुंबणार. त्यात रिपोर्ट एकदम मागवायचे सोडून एक आला की दुसरा, दुसरा आला की तिसरा. शी! असं लिहिताना हात कसे झडले नाहीत मेल्यांचे!

दुपारपर्यंत तिनं सगळं बदललं. रिपोर्ट एकत्र येऊ लागले, काम चालू असताना बटण दबेनासं झालं. कागद तिनं टराटरा फाडला.

तेवढ्यात तिच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन. "अहवालात ऑपरेटरची चूक लिही. उगाच आपली लाज कशाला?"

"ती आहे का तुम्हाला?" म्हणून तिनं फोन कापला आणि तडक डॉक्टरीणबाईंची खोली गाठली.

"काकांची काडीची चूक नाही. घाण आमची. सहीनिशी लिहून देते."

बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. दोन्ही रांगा संपल्या होत्या.

"छानच झालं की! इतकं भराभर होतंय तर एकच माणूस पुरे. मुलगी स्वस्तात पडते. काकांना शनिवारी मोकळं करते."

"अहो, पण चूक त्यांची नव्हती!"

"होती असं कोण म्हणतंय?"

ताई बाहेर आली तर काका वाट बघत उभे. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"वाचवलंत हो ताई. आता घरी जाऊन हिला सांगतो."