पेटीतली सही

लालबागमध्ये यशवंत घाडी एकेचाळीस वर्षं पेट्या बनवून विकत होते. अलीकडे गिऱ्हाइकं दुकानात बसून पेटी वाजवून बघायची आणि मोबाइलवरून दुसरीकडूनच मागवायची. शेवटी कंटाळून घाडींनी सहा पेट्या एका व्यापाऱ्याला विकून टाकल्या.

परळच्या चाळीत मुलांना गाणं शिकवणारी संघमित्रा मंगळवारी पेटी घेऊन दुकानात आली.

"काका, ऑनलाइन मागवली, पण एक सूर नुसता फुसफुसतोय."

घाडी मनातून चिडले, तरी त्यांनी झाकण उघडलं. आत लाकडावर पेन्सिलीने त्यांचीच सही होती.

"अगं, ही तर माझीच पेटी!"

"मग तुमच्याकडूनच घेतली की!" ती हसली.

घाडी गोंधळले. आपल्या गिऱ्हाइकाची पेटी ते वर्षभर फुकट दुरुस्त करत. पण हे गिऱ्हाईक कुणाचं? रागवावं तर पेटी आपली, खूश व्हावं तर विकली दुसऱ्याने. त्यांनी सुराच्या पितळी पट्टीत अडकलेला भुसा काढला. तोही त्यांच्याच कारखान्यातला असणार.

"काका, किती द्यायचे?"

घाडींनी डोकं खाजवलं.

"तू ने आता. मलाच अजून कळलेलं नाही."