चौथी म्हणून नेलेला दगड

भुताखेताचं काही वाचलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी. तरी लिहितेय, कारण डोकं फुटायची वेळ आलीये...

आम्ही जळगावला, पिंप्राळ्यात राहतो. चाळीसगावकडे पाटणादेवीच्या जंगलात ते जुनं पडकं देऊळ आहे ना, तिथे आईला आणि चोपड्याच्या मावशीला एकदा जोडीने न्यायचं, एवढाच माझा बेत. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी. ग्रुपवर सगळे हो हो म्हणाले आणि मग एकेक गळाला. कुणाची परीक्षा, कुणाची केळीची कटाई. मावशी तर ऐनवेळी म्हणे, "माले गाडी लागस, मी काय येत नही." अरे देवा! मग आधी सांगायला काय झालं होतं?

उरलो तिघं: मी, आमचे हे आणि आई. आणि तीन तिघाडा काम बिघाडा! तिघं निघाले की आमच्याकडे चौथा म्हणून एक दगड सोबत नेतात, परत आणून जागेवर ठेवतात. आईने अंगणातला दगड रुमालात बांधला. वर त्याला म्हणते कशी, "तू माझी बहीण. चल, तुला फिरवून आणते." मी कपाळाला हात लावला.

देवळापाशी आईने दगड ओट्यावर ठेवला. भरीत-पुरी काढली तोच माकडांनी पुऱ्यांची पिशवी पळवली. एकच गोंधळ! आम्ही गाडीकडे पळालो... दगड तिथेच राहिला. आईला आठवलं ते थेट घरी आल्यावर. "एका दगडासाठी परत कोण जाणार?" मीच ओरडले.

संध्याकाळी आईला मावशीचा फोन; ती आईला बाईच म्हणते. आवाज अगदी बारीक, न्यायला कधी येतेस म्हणून विचारत होती. "बाई, माले लेवाले कव्हय येशी? मी ओट्यावर बठेल शे. माकडं पुऱ्या खाई ग्यात."

मावशी तिच्या घरातच होती, खाटेवर, सुनेसमोर! आणि पुऱ्यांचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती उठत नाही, धड जेवत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. विचारलं की एकच — "बाईनं आठे सोडी दिधं माले." इथे, म्हणे!

आई रोज रडते. म्हणून दगड आणायला पुन्हा पाटणादेवीचा बेत. आणि पुन्हा तेच! कुणाचं लग्न, कुणाची पाठ धरलीये. उरलो तिघंच. आज सकाळी आई अंगणात वाकलेली दिसली आणि माझं टाळकंच सरकलं.

"परत दगड? ह्या खेपेला कुणाला ठेवून यायचंय?"

आईने उचललेला दगड खाली ठेवला. "राहू दे मग," ती म्हणाली. "येताना चौघं असूच आपण."

ह्या सगळ्याचा अर्थ मला लागत नाही, ह्यांनाही नाही. आत्ता निघतोय. ह्यांना तेवढं सांगून ठेवलंय, येताना मागची खिडकीची सीट मोकळी ठेवा. मावशीला गाडी लागते.