रोज रम आणि राहीबाई

आदिलाबादजवळच्या जैनथ मंडलातल्या एका गावात मिशांना पीळ देणारे जेवढे म्हणून गडी आहेत, त्यांतल्या अर्ध्यांचं ढुंगण राहीबाईनं उलटं करून थापटलेलं आहे. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, पोराला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, हा तिचा धंदा. चाळीस वर्षं झाली. सरपंच भर सभेत आवाज चढवायला लागला की राहीबाई मागून म्हणते, "हळू रे बाप्पा, लहानपनी तुले बेंबीचा लय तरास होता." सभा तिथंच आटोपते.

हात रुंद आणि जीभ धारदार. नवी बाळंतीण लाजून आखडली की राहीबाई तिला पहिल्याच दिवशी सुनावते, "सोड तो पदर. तुह्याजवळ काय सोन्याचं हाय? जे मले हाय तेच तुले हाय." पोरगी हसते, अंग सैल सोडते, आणि काम सुरू होतं.

आता हे बोलायला ठीक. पण राहीबाईला स्वतःला काय आहे, ते तिनं चोवीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं, की बोथ गावी एका लग्नात पंगत बसली होती. राहीबाई वरण वाढत होती. पाच लेकरं झालेली, वय चौतीस. तिचा नवरा चंपतराव साडूंच्या घोळक्यात जेवायला बसलेला, रंगात आलेला. कोणीतरी काहीतरी चावट बोललं आणि चंपतराव तिच्या छातीकडे बोट दाखवून म्हणाला, "आमच्या इकडं आता काय राह्यलं बाप्पा? वाळली दोडकी!" सगळी पंगत खोखो हसली. राहीबाईही हसली. इतरांचं हसणं ती कधीच विसरून गेली असती, पण स्वतःचं हसणं तिला विसरता येईना.

त्या दिवसापासून ती लुगडं अंगावर ठेवूनच अंघोळ करायला लागली. चोळी बदलायची ती भिंतीकडे तोंड करून. साबण गळ्यापर्यंत यायचा आणि तिथून थेट पोटावर उडी मारायचा. गावभरच्या बायांच्या छात्यांतल्या दुधाच्या गाठी बोटांनी मोकळ्या करणारी ही बाई, पण स्वतःच्या छातीला तिनं हात लावला नाही. चंपतरावाला तर आपण काय बोललो होतो हे आठवतसुद्धा नव्हतं. पुरुषांना हे एक बरं असतं.

मग यंदाच्या उन्हाळ्याआधी अंगणवाडीत एक नवी नर्स आली. पोरगी हुशार, पण करीमनगरकडची. मराठीचा गंध नाही, हिंदी अडखळत. अंगणवाडीच्या टीचर मैत्रीबाई तिचं मराठी करून सांगणार होत्या, पण त्या बाहेर फोनवर हजेरी टाकत उभ्या, आणि रेंज येईना. नर्सनं त्यांची वाट न पाहता जमलेल्या बायांसमोर तेलुगूतच सुरुवात केली. "प्रति रोजू, रोम्मु..." आणि पुढं बरंच काही, शेवटी दहा बोटं दाखवून "मिनिट".

पहिल्या रांगेत रेणुकाबाई बसली होती. तिनं कान टवकारले. "आयबाई! रोज रम?"

"काय म्हनते?" मागून एकीनं विचारलं.

"रोज रम घ्या म्हनते! दहा मिनिटं!"

बाया अशा हसल्या की अंगणवाडीतली लेकरं जागी झाली. एक म्हातारी म्हणाली, घेतो की, सरकारचं मन काऊन मोडायचं? रेणुकाबाईनं तर दारातून जाणाऱ्या आपल्या नवऱ्याला, उद्धवरावाला, हाक मारून बातमी दिली, आणि तो बिचारा खरंच थांबून विचारायला लागला, की हे फकस्त बायांलेच हाय का म्हणून.

तेवढ्यात मैत्रीबाई आत आल्या. डोक्याला हात लावला. "अवं माय, रोम्मु म्हंजे छाती! रोज छातीले तेल लावून मालिश करा म्हनून राह्यल्या त्या."

आणि गंमत बघा. रम म्हटल्यावर सगळ्या हसल्या होत्या. छाती म्हटल्यावर सगळ्यांचे पदर एकदम नीट झाले. उद्धवराव तर दारातून असा सटकला की त्याची एक चप्पल तिथंच राहिली.

नर्स बोलत होती, मैत्रीबाई सांगत होत्या. बिमारी हाय म्हनून न्हाई. नवऱ्यासाठी न्हाई, लेकरासाठी न्हाई. आपलं अंग हाय, आपन त्याले मायेनं हात लावावं, अंग हलकं होते, मनाले बरं वाटते. रोज हात फिरला म्हंजे आपलं अंग आपल्याले वळखू येते. काही येगळं लागलं, तर लाज न धरता डॉक्टरले दाखवा. मग नर्सनं साडीवरूनच दाखवलं. काखेकडून हळूहळू, गोल गोल, दाबायचं नाही. बाया खुसूखुसू हसत का होईना, एकेक करून हात वर नेऊ लागल्या. म्हातारीनंही नेला.

राहीबाईचा हात गुडघ्यावरच राहिला. तिनं उचलायला बघितला, उचलेना.

रेणुकाबाईनं ते बरोबर टिपलं. "काऊन वं राही? दुनियेचं चोळते अन् सोताचंच जड झालं काय?"

कोणाचंही देणं जागच्या जागी फेडणारी राहीबाई त्या दिवशी मात्र "मले काम हाय," एवढं पुटपुटून उठली आणि घराकडे चालू लागली. वाटेत तिला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा संताप यायला लागला.

घरात कोणी नव्हतं. चंपतराव पारावर पत्ते कुटत होता. राहीबाईनं दार लावलं. मोहाच्या बियांचं तेल, गावात त्याला टोळीचं तेल म्हणतात, ते वाटीत घेऊन चुलीवर कोमट केलं. गोधडी अंथरली, पाट मांडला, आणि सवयीनं म्हणाली, "बस नीट. काऊन आखडली?"

पाटावर तिच्याशिवाय दुसरं कोण बसणार?

"पदर सोड."

बाईनं पदर सोडला नाही. पण अशा हट्टी बाया राहीबाईनं रगड पाहिल्या होत्या. अशांना पायापासून घ्यायचं असतं. तिनं तळपाय घेतले, पोटऱ्या घेतल्या. हात घेतले, मान घेतली. मान घेता घेता पदर आपणच खाली आला. मग तिनं चोळीच्या गाठीला हात घातला, डोळे गच्च मिटले आणि तेलाचा हात छातीवर ठेवला.

ऊन ऊन होतं. मऊ होतं. हाताखाली उजवं, मग डावं. डावं जरासं लहान. हे तिला ठाऊकच नव्हतं. गाठबीठ काही नाही. तिनं एक डोळा उघडून पाहिलं, मग दुसरा. "हाय की वं," ती म्हणाली आणि एकटीच फसकन हसली.

बोटं आपली वाट ओळखत होती. काखेकडून हळूहळू, गोल गोल. पाच लेकरं इथं झोपी गेलेली. सहावा रेणुकाबाईचा वैभव. रेणुकाबाईला विषमज्वर झाला तेव्हा दोन महिने त्याला इथंच पाजलेलं. आज तो आदिलाबादला हपीसात खुर्चीवर बसतो. एवढं सगळं या दोघींनी केलं, आणि आपण त्यांना चोवीस वर्षं उपाशी ठेवलं, कशापायी, तर पंगतीत वरण ओरपता ओरपता एक माणूस काही बरळला म्हणून!

"चंपत्या, तुह्या जिभेले आग लागो," राहीबाई मोठ्यानं म्हणाली. आणि मग ती रडली, अगदी भडभडून, पण हात काही थांबवला नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. पत्त्यांचा डाव मोडला असावा.

"चा मांड वं," बाहेरून चंपतरावाचा आवाज.

"गिऱ्हाईक हाय आत. येऊ नोका."

"कोनाची सून?"

"कोनाचीच न्हाई."

"मंग कोन हाय?"

"मी हावो. सोताच्याच छातीले तेल लावून राह्यली."

बाहेर म्हातारा खिदळला. "येडी झाली का वं? आता काय उरलं हाय तिथं?"

यावेळी राहीबाई हसली नाही. तिनं नाक पुसलं, वाटीत बोटं बुडवली आणि दाराकडे न बघता सांगितलं,

"तुमाले काईच उरलं न्हाई. मले लय हाय."