काकूंनी वाचलेला शेवट

आमच्या यवतमाळच्या आळीतल्या एक काकू दुपारी शेवया वळणाऱ्या बायांना कादंबरी वाचून दाखवतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक पाय लांब केलेला आणि पानापानाला लेखकाशी भांडण. "इतकी पानं झाली, या बाईनं एक घास खाल्ला नाही! निस्ते तिचे केस अन् तिची कंबर. याले दुसरं काही दिसत नाही काय वो?"

कादंबरी मोठ्यामोठ्यांनी डोक्यावर घेतलेली. नवऱ्यानं टाकलेली नायिका शेवटी विहिरीत उडी घेते आणि लेखक तिला देवी ठरवून मोकळा होतो! मी संतापून त्यावर पत्रक काढलं होतं. पण समोर शेवया वळत बसलेल्या शांतेला अक्षर येत नव्हतं. तिला नवऱ्यानं नुकतंच माहेरी आणून टाकलं होतं आणि तेव्हापासून तिचं अन्नावरचं मन उडालं होतं. शेवटचं प्रकरण आलं तसे तिचे हात थांबले. मला धडकी भरली.

काकूंनी पुस्तकावर नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि वाचायच्याच सुरात म्हणाल्या, "मंग ते विहिरीवर गेली. पाणी शेंदलं, तोंड धुतलं, घरी येऊन पोटभर जेवली. संपलं पुस्तक."

"अन् नवरा?" शांतेनं विचारलं.

"त्याचं पुढं काही लिहेल नाही, माय."

शांता खुदकन हसली. "काकू, मलेही भूक लागली."

काकूंनी भाकर-ठेचा पुढे सरकवला. तिनं घास घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला. लेखकानं नायिकेला खुशाल बुडवावं. आमच्या आळीत ती जेवली.