वहिनींच्या वतीनं दिलेलं उत्तर

मी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेलो होतो; दादाचा फोन सकाळी आला. "गेली बे," एवढंच म्हणाला. अमडापूरला पोचेपर्यंत मी बसमध्ये रडलो नाही. एकच भीती होती, जाताना वहिनी कुणाला काही सांगून तर गेल्या नसतील...

शांतावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर माझं ताट त्यांनीच वाढलं. मी मात्र जन्माचा संशयी. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण फसवणार, हे धरूनच चालायचो. "भाऊजी, तुमी तं प्रसादाचाबी वास घेऊन पाह्यता," त्या हसायच्या.

कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. दादाला दवाखान्यात उभं राहवत नसे, म्हणून नेणं-आणणं माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांनी शौचाला होत नाही. गोळ्या चालू आहेत तोवर हे पातळ औषध रोज घ्यायचं." मला वास आला. हाडाच्या दुखण्यावर जुलाबाचं औषध? दुकानदारी! मी गोळ्या घेतल्या, बाटली घेतलीच नाही. वहिनींनी विचारलं, तर म्हणालो, "ते कायले? उगाच पोट बिघडीन."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "पोट साफ होतं ना?" वहिनींनी पदर तोंडाशी नेला. दिरासमोर ती गोष्ट कशी बोलणार? मीच म्हणालो, "हो हो, होते साफ." वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांच्या उशीखाली गोळ्या सापडल्या. म्हणजे दुखण्याचं सोंग होतं की काय? हेही माझ्या मनात आलं, लपवत नाही. विचारलं, तर म्हणाल्या, "हाडाचं सोसते भाऊजी. पर ते दुसरं नाही सोसत." दुसरं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं; रात्रीतून चार-चारदा त्या संडासात जाऊन बसायच्या आणि तशाच परत यायच्या.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाहेर पाठवलं. मी दाराला कान लावला. "आठ दिवस झाले साहेब, खडासुद्धा नाही. म्हणून गोळीच सोडली," वहिनी सांगत होत्या. "मग ते पातळ औषध?" आता माझं नाव येणार... "भाऊजीनं आणलं होतं. मीच नाही घेतलं. जिभीले नाही चाललं."

त्या दिवशी बाटली आणली. शेवटचे पंधरा-वीस दिवस त्यांना गोळीही सोसली, आणि एकदा तर भरीत मागून खाल्लं. त्याआधीचे दोन महिने मात्र माझे आहेत.

तेराव्याला दादा पाहुण्यांना सांगत होता, "जिद्दी होती. डॉक्टरनं देल्लं औषधच घेत नव्हती. फुकट हाल करून घेतले." मीही होकारार्थी मान डोलावली.

दादा, तू ही पुरवणी वाचतोस, म्हणून इथं लिहितो. तोंडावर बोलायची माझी छाती नाही. वहिनींनी जिद्द केली नव्हती. परसात संडासाच्या भिंतीला लागून त्यांची खाट अजून तशीच आहे. "काऊन नेली बे तिथं?" तू विचारलं होतंस. "हवा येते," मी म्हणालो होतो.

हवेसाठी नव्हती, दादा.