धुऱ्यावरची चंद्रज्योत

चंद्रपूरच्या पंपावर गाडीत डिझेल भरताना तो उग्र वास आला की मला आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, शेताकडेचा तो मातीचा बांध, आठवतो. तेल बाहेरदेशातून आणावं लागतं, ते आता चंद्रज्योतीच्या झुडपाच्या बियांतून इथंच निघेल, असं जीपमधून आलेले एक साहेब सांगून गेले आणि बाबांनी साऱ्या धुऱ्यावर चंद्रज्योत लावली. बिया पिकल्या, पण घेणारं कोणी फिरकलं नाही. एका तिन्हीसांजेला बाबांनी सोललेल्या बिया खराट्याच्या काडीत ओवून पेटवल्या. चुरचुरत पिवळी ज्योत उभी राहिली. "पाह्य बेटा, तेल त आहे न यात," ते म्हणाले, "मंग घ्याले काऊन नाई आलं कोनी?" मी दुसऱ्या काडीत बिया ओवू लागले. आता बाबा नाहीत. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून झुडपं मात्र अजून हिरवीगार आहेत. टाकी भरत असते तेव्हा वाटतं, यात एक तरी थेंब आमच्या धुऱ्यावरचा असता तर.