गाडीचं काम निघालंय

आमच्या अप्पांनी गाडी चालवणं बंद केलं ते डोळ्यांमुळे नव्हे, पुढच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्यांमुळे. निदान घरात आणि गल्लीत तसंच ठरलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'आतला पडदा खराब झालाय, चष्म्यानं सुधारणार नाही, आता गाडी चालवू नका' असं तोंडावर सांगितलं, तेव्हा आई शेजारीच बसली होती. घरी आल्यावर दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. अप्पा एवढंच म्हणाले, "पिचकाऱ्या मोडल्यात, काच धुवायची सोय न्हाय. तेवढं काम झालं की काढू गाडी." आणि गाडीवर कव्हर घातलं.

आमच्याकडे 'काम निघालंय' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. गाडीचं निघतं, घराचं निघतं, नावडत्या पाहुण्यांकडं लग्न असलं की ऐन वेळी बोअरच्या मोटारीचंही निघतं. दर रविवारी होटगीच्या शेताकडं स्वतः गाडी हाकत जाणारा माणूस शेजारच्याच्या रिक्षात बसून जाऊ लागला, तरी गल्ली एवढंच म्हणायची, मालकांच्या गाडीचं काम निघालंय. जन्मभर आडतीच्या दुकानात आवाज चढवून बोललेल्या माणसाची अब्रू त्या दोन मोडक्या पिचकाऱ्यांनी राखली होती.

डोळ्यांचं खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला, कारण मी पुण्यात राहतो आणि फोनवर मला आईनं फक्त पिचकाऱ्याच सांगितल्या होत्या. त्यात मी स्वतःला हातानं काम करणारा माणूस समजतो. एवढ्याशा कामासाठी अप्पा घरात अडकून पडले, याचा मला भयंकर राग आला. सोलापुरातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि दिवाळीला आल्या आल्या नव्या पिचकाऱ्या आणायला निघालो. मॉडेल जुनं. दुकानदारानं दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या पिचकाऱ्या पुढं केल्या आणि "बसतंय की, सगळ्याला बसतंय" असं सांगितलं. नवल म्हणजे बसल्या.

बसवायला मात्र अर्धी सकाळ गेली. आपल्याकडच्या उन्हानं प्लॅस्टिक इतकं कडक झालं होतं की पकडीत धरताच जुन्या पिचकाऱ्यांचा पापडासारखा चुरा झाला. पाण्याची रबरी नळीही ताठरली होती. तिचं टोक मऊ करायला गरम पाणी हवं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो.

"असू दे की रे," आई म्हणाली. "मोडकं हाय ते बरं हाय."

"मोडकं कसं बरं असेल?"

तिनं पाणी तापवून दिलं, पण पातेलं असं काही आदळलं की मला वाटलं, पोरगं सणासुदीला उन्हात राबतंय म्हणून जीव तुटतोय तिचा. मी मनातून सुखावलो.

बारा वाजायच्या आत दोन्ही पिचकाऱ्या अशा पाणी मारू लागल्या की मी स्वतःच चार वेळा उगाच काच धुतली. मग अप्पांना हाक मारली. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. पाणी उडताना बघितलं, काचेवरून बोट फिरवलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. आई चप्पल घालून त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं दारावरची आधाराची कडी दोन्ही हातांनी धरली. मी मागं बसलो. शेजारचा रिक्षावाला पायरीवर चहा पीत होता. त्यालाही मी अभिमानानं सांगितलं, "झालं काम." तो माझ्याकडं बघतच राहिला.

गाडी गल्लीत जेमतेम पुढं सरकली आणि अप्पांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"अहो पावनं, जरा बाजूला व्हा की."

समोर कव्हर घातलेली स्कूटर उभी होती.

कुणी हसलं नाही. रिक्षावाल्यानं कप खाली ठेवला, उठला आणि स्कूटर ढकलत कडेला नेली. स्कूटर अशी चाललेली बघून अप्पांचे हात स्टिअरिंगवर थिजले. मला सगळं तिथंच कळलं, मोडकं बरं कसं असतं तेसुद्धा. असं वाटलं, की दार उघडावं आणि थेट पुण्याला पळून जावं.

अप्पांनी स्टिअरिंगमागची पाण्याची दांडी ओढली. दोन्ही पिचकाऱ्यांतून बरोबर काचेच्या मधोमध पाणी आलं, वायपर फिरला, काच लख्ख झाली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा लख्ख. माझं काम दुर्दैवानं चोख झालं होतं.

"डावी पिचकारी वर मारतीय," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा, बरोबर—"

"साकु." रागावली की आई कानडीत येते, आणि तिचं पुरे म्हणजे पुरे. मागं न वळताच तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्यापुढं धरली.

मी खाली उतरलो. या पिचकारीच्या भोकात एक बारीक गोळी असते, पिन घालून ती फिरवली की पाण्याची दिशा बदलते. सकाळी कौतुकानं लावलेली ती गोळी मी जाईल तितकी वर फिरवली. "आता बघा अप्पा," म्हणालो.

त्यांनी दांडी ओढली. डाव्या पिचकारीचं पाणी काचेला न शिवता टपावरून गेलं आणि एव्हाना मागं आपल्या पायरीशी परतलेल्या रिक्षावाल्याच्या तोंडावर पडलं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, गच्चीवरची टाकी भरून वाहतेय का बघावं तसं आकाशाकडं बघितलं.

"व्हय की मालक," तो म्हणाला, "लईच वर मारतंय. काम हाय अजून."

"मी तेच म्हणतूय," अप्पा म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि सदरा सारखा करत रिक्षात जाऊन बसले. रविवार होता, होटगीला जायचं होतं.